ड्रायव्हरचं दार

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सुजाण पालकत्वाची कार्यशाळा ठरली, तेव्हा नम्रताने माझं नाव परस्पर देऊन टाकलं.

"सोनूने काहीही दाखवलं की तू 'वा, हुशार' म्हणतोस," ती म्हणाली. "मान वर न करता."

हे खरं होतं. हे ऐकतानाही मी मान वर केली नव्हती.

कार्यशाळेतल्या बाईंनी संशोधनाचा हवाला देऊन सांगितलं, की ज्यांना सारखं 'हुशार' म्हटलं जातं ती मुलं अवघड गोष्टीला हात लावायला बिचकतात. चुकलं तर हुशारी जाईल, अशी त्यांना धास्ती असते. त्यापेक्षा मुलाने काय केलंय ते नीट पाहावं आणि तेच बोलून दाखवावं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. 'नीट पाहावं' एवढं बहुधा राहून गेलं.

सोनू सात वर्षांची. त्या आठवड्यात ती बुटांच्या खोक्याची बस करत होती. मी समोर उभा राहून म्हणालो, "तू बसला चार चाकं लावलीस."

"मग किती लावायची?"

"तू लाल रंग वापरलास."

"बाबा, तू वाचून दाखवतोयस का?"

वही माझ्या हातातच होती.

तिने बस उचलली आणि ती अण्णांकडे गेली. अण्णा म्हणजे माझे वडील, बस डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक. त्यांनी आजवर कुणाचं कौतुक केल्याची नोंद नाही. माझी दहावीची गुणपत्रिका वाचून ते एवढंच म्हणाले होते, "भूगोलाचं काय झालं?"

त्यांनी चष्मा पुसला, बस उलटी केली आणि दोन मिनिटं न्याहाळली. "मागचं डावं चाक मोठं झालंय. वळणावर कलंडेल."

मला वाटलं, आता रडारड. पण सोनूने नम्रताची बांगडी ठेवून नवं चाक आखलं, कापलं आणि पुन्हा नेऊन दाखवलं.

"आता जाईल," अण्णा म्हणाले.

त्यानंतर घरातला सगळा माल थेट अण्णांकडे जाऊ लागला. मी ऑफिसातून येऊन विचारावं, "आज काय केलंस?" आणि तिने म्हणावं, "आजोबांना दाखवलं." सरकारी कचेरीतली खिडकी बंद व्हावी तसं. आणखी दहा वर्षांनी ती मला काय काय दाखवणार नाही, याची यादी माझ्या डोक्यात आपोआप तयार होऊ लागली.

शनिवारी सकाळी मी फोन स्वयंपाकघरात ठेवला, वही कपाटात टाकली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. ती खिडक्या रंगवत होती. दहा मिनिटं मी एक शब्द बोललो नाही. पुण्यात हे सोपं नाही. नुसता बस बघत राहिलो.

मग विचारलं, "ड्रायव्हर आत कुठून चढतो?"

तिचा ब्रश थांबला. तिने बस फिरवून पाहिली. प्रवाशांचं दार होतं, ड्रायव्हरचं नव्हतं.

"हे तर आजोबांच्यापण लक्षात नाही आलं," ती म्हणाली आणि सरकून मला जागा दिली.

"आलं होतं," पेपरामागून अण्णा म्हणाले. "मंगळवारीच."

"मग सांगितलं का नाही, आजोबा?"

"म्हटलं, बघू आणखी कुणाला दिसतंय का."

सोनूने पेन्सिलीने दार आखलं आणि कात्री माझ्या हातात दिली. "पुठ्ठा जाड आहे. तू काप, मी धरते."

मी कापलं. अण्णा उठून आले. त्यांनी चष्मा पुसला. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी श्वास रोखून बसलो होतो.

"सरळ कापलंयस," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरामागे गेले.

कार्यशाळेच्या नियमाप्रमाणे हे निव्वळ वर्णन होतं. मी ते दुपारी नम्रताला सांगितलं. संध्याकाळी पुन्हा सांगितलं.

"वा, हुशार," ती म्हणाली. मान वर न करता.