बर्नीची दोन बोटं

बर्नीच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली आहेत, हे अख्ख्या संघात एकट्या लॉर्नाला ठाऊक होतं.

लॉर्ना कॅझमरेक संघाची सेंटर. वाकून उभं राहायचं, इशारा झाला की दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे खेळी चालवून चेंडू फेकणारीच्या, हातात द्यायचा आणि समोरून चाल करून येणाऱ्या बायकांना अंगावर घ्यायचं, हे तिचं काम. तेरा वर्षं तिच्या मागचे ते हात बर्नीचे होते. सरोवराकाठच्या एरी शहरातला हा बायकांचा अमेरिकन फुटबॉल संघ उभाच केला बर्नीने, म्हणजे बर्नाडेट टिल्गमनने. कारखान्यातल्या, इस्पितळातल्या, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायका तिने दारोदार फिरून गोळा केल्या होत्या. आता ती चव्वेचाळीसची होती. दिवसभर प्लॅस्टिकच्या कारखान्यात साच्यांवर उभी राहायची आणि संध्याकाळी मैदानावर यायची.

दोन वर्षांपूर्वी सराव संपल्यावर तीच म्हणाली होती, "चेंडू हातात आलाय की नाही हे मला बघावं लागतं गं. नुसतं कळत नाही."

"मग डॉक्टरला दाखव की."

"दाखवलं की तो म्हणणार, खेळ बंद. एवढा सीझन जाऊ दे. आणि कोणाला बोलू नकोस, शपथ आहे तुला."

तो सीझन गेला, पुढचाही गेला. चेंडू निसटला की लॉर्ना हात वर करून ओरडायची, "माझी चूक!" बायका तिला चिडवायच्या, "लोणी लावून आलीस काय गं?" तीही हसायची.

यंदा एप्रिलमध्ये सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. पहिल्या दोन सामन्यांत तीनदा चेंडू सुटला. तिसऱ्या वेळी बर्नी तो उचलायला वाकली आणि पलीकडची एक धिप्पाड पोरगी तिच्या बरगड्यांवर आदळली. बर्नी बराच वेळ उठलीच नाही.

मंगळवारी सरावाला कोच ओक्सनी लॉर्नाला बाजूला बोलावलं. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर, कुणालाही दुखवायचं म्हटलं की आधी चष्मा पुसत बसायचे. आताही पुसत होते.

"शनिवारी तू बस, लॉर्ना. सेंटरला डार्लीनला घेतोय."

"मला बसवताय?"

"तीन चेंडू! तूच म्हणतेस ना, माझी चूक? बर्नीच्या बरगड्या बघितल्यास का? काळ्यानिळ्या झाल्यात."

'बरं' म्हणून तिला गप्प बसता आलं असतं. पुढे कितीतरी वेळा तिने स्वतःला विचारलं, का नाही बसलो आपण?

"चेंडू मी नीटच देते, कोच," ती म्हणाली. "बर्नीच्याच बोटांना काही कळत नाही. दोन वर्षं झाली."

कोचनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मैदानाकडे बघत राहिले. तिकडे बर्नी कोणाला तरी टाळी देऊन हसत होती.

"म्हणजे बर्नीच्या जागी ओडेसाला उतरवावं लागणार," ते म्हणाले.

"एवढा सीझन तरी खेळू द्या तिला."

"आणि पुढच्या खेपेला मान मोडली तर? तिच्या आईला काय सांगू मी? का तू सांगशील?"



सराव संपल्यावर कोचनी बर्नीला गाड्यांपाशी गाठलं. दोघी कायम लॉर्नाच्याच पिकअपमधून जायच्या, म्हणून लॉर्ना आत बसून काचेतून बघत होती. कोच बोलत होते, बर्नी मान हलवत होती. एकदाच तिने पिकअपकडे वळून पाहिलं. मग आली, आत बसली, पट्टा लावला.

"शनिवारी ओडेसा खेळणार," ती म्हणाली. "त्यांना कोणी सांगितलं?"

"मी."

"त्यांनी तुला बसवतो म्हटल्यावर, की आधी?"

लॉर्नाने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं तरी गाडी जागची हलेना.

"नंतर," ती म्हणाली.

बर्नी खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "डार्लीनचं नाव त्यांनी मला कालच सांगितलं होतं. लॉर्नाला बसवू का, म्हणून विचारलं होतं." तिने मान वळवली. "मी हो म्हणाले."

लॉर्नाने गिअर टाकला आणि गाडी काढली.

शनिवारी सेंटरला पुन्हा लॉर्नाच वाकली. मागे ओडेसा प्रूइटचे हात आले, चोवीस वर्षांचे, उबदार, चपळ. अख्ख्या सामन्यात एकही चेंडू सुटला नाही. संघ दोन टचडाउनच्या गुणांनी जिंकला. बर्नी जर्सी घालून सीमारेषेवर उभी होती. टाळ्या वाजवत होती, ओडेसाला ओरडून सांगत होती, "डावीकडे बघ, पोरी, डावीकडे!" शेवटी तिने सगळ्यांना मिठ्या मारल्या. लॉर्नाला म्हणाली, "छान दिलेस चेंडू." आणि डार्लीनच्या गाडीत बसून निघून गेली.

ऑक्टोबरात तिच्या कोपराजवळच्या नसेचं ऑपरेशन झाल्याचं लॉर्नाला दुसऱ्यांकडून कळलं. पिरोगीचं, उकडलेल्या पोलिश करंज्यांचं, भांडं घेऊन ती गेली. बर्नीने दार उघडलं, कॉफी केली. थंडीचं, आईच्या गुडघ्यांचं, कारखान्यातल्या नव्या साहेबाचं बोलणं झालं.

"हात कसा आहे?" शेवटी लॉर्नाने विचारलं.

"आहे तसाच राहणार. डॉक्टर म्हणे, दोन वर्षं आधी आला असतात तर." बर्नीने कप खाली ठेवला. "तुझा दोष नाही. मीच शपथ घातली होती."

"मी मोडायला हवी होती. तेव्हाच."

बर्नीने घड्याळाकडे पाहिलं. तिला बोटांच्या व्यायामाला जायचं होतं. ती उठली आणि कोट चढवून बटणं लावू लागली. पहिलं बटण काजातून पुन्हा पुन्हा निसटत होतं. लॉर्नाचा हात आपसूक पुढे गेला.

"राहू दे," बर्नी म्हणाली. "जमेल मला."

लॉर्नाने दोन्ही हात खिशात घातले. दार उघडंच होतं, सरोवरावरचा वारा आत येत होता. पाचही बटणं लागेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.