गुरुवारी मुका झालेला फोन

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. मी एक जुना, बटणांचा, दुधावरच्या सायीसारखा पिवळट पडलेला टेलिफोन आहे. रंग गेलाय, आवाज गेलेला नाही. पिंपरीतल्या एका कामगार वस्तीत, केसरबाईंच्या पुढच्या खोलीत, खिडकीलगतच्या फळीवर माझं बस्तान आहे. माझं बोलणं जरा तिखट लागेल. तीस वर्षं ज्या बाईच्या तोंडाशी राहिलो, तिची जीभ मला लागली, त्याला मी काय करू?

माझा जन्म कारखान्यातला आणि माझा मालकही कारखान्यातलाच. केसरबाईंचे यजमान जयसिंग कंपनीत लेथवर होते. फोनसाठी त्यांनी अर्ज केला तेव्हा प्रितम पाळण्यात होता. मी घरात आलो तेव्हा तो बालवाडीत जात होता. मी आलो त्या दिवशी केसरबाईंनी गल्लीत पेढे वाटले, मला क्रोशाचं झाकण विणलं आणि घरादाराला बजावलं, "जो उगाच बटणं दाबंल त्याची बोटं मोडीन!"

गल्लीत फोन एकच, तो म्हणजे मी. मग काय, सगळ्या गल्लीचा पी.पी. नंबर, म्हणजे निरोपासाठी द्यायचा शेजारचा नंबर, माझाच. कोणाचं लग्न जमलं, कोणाला मुलगा झाला, कोणाचा बाप गेला, सगळं आधी माझ्या कानात. मी वाजलो की केसरबाई रिसीव्हर उचलून "जय भीम, कोण बोलतंय?" विचारायच्या आणि खिडकीतून हाळी द्यायच्या, "छबूबाईऽ, तुमच्या बीडचा फोन हायऽ!" समोरच्या छबूबाई ओल्या हातांनी धावत यायच्या.

"हात पुसा आधी! ते काय भांडं हाय व्हय?"

मग छबूबाईंचं बोलणं संपेपर्यंत केसरबाई तिथेच कपड्यांच्या घड्या घालत बसायच्या. ऐकायला नाही हं! घड्या राहिल्या होत्या म्हणून.

एक गोष्ट अभिमानाने सांगतो. केसरबाई शाळेत फार टिकल्या नाहीत. अक्षरांशी त्यांचं जमलं नाही, पण आकडे त्या माझ्या बटणांवर शिकल्या. नंबरांची वही त्यांनी कधी ठेवली नाही, सगळे नंबर तोंडपाठ. "ज्याचा नंबर ध्यानात न्हाई, तो माणूस तरी ध्यानात राहतो का?" असं त्यांचं म्हणणं. प्रितम मोठा होऊन चाकणजवळ निघोजे गावातल्या कंपनीत लागला, तेव्हाही त्यांनी त्याच्याकडून गेटच्या केबिनचा नंबर घेऊन पाठ केला. "मोबाइलचं काय, आज खिशात, उद्या गटारात. गेट कुठं जात न्हाई."

पण मित्रांनो, दिवस फिरतात. घरोघरी मोबाइल आले. रस्ता खणताना माझी तार तुटली, ती कोणी जोडली नाही. जयसिंग गेले. प्रितम लग्नानंतर वाकडला चौदाव्या मजल्यावर राहायला गेला. मी मुका झालो. माझ्या डोक्यावर औषधांच्या पट्ट्या आणि चष्म्याचं घर आलं. भंगारवाल्याने दोनदा माझ्याकडे बोट दाखवलं. केसरबाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावला, "बसू दे त्याला. तुझ्या ताटात जेवतोय का?"

प्रितमने आईला चांगला मोठा मोबाइल आणून दिला. पण जन्मभर धुणीभांडी, सारवण केलेली ती बोटं! त्या गुळगुळीत काचेला ती उमजेनात. फोन उचलायला जावं तर तो कट व्हायचा. कधी पिशवीत वाजून वाजून गप्प बसायचा. प्रितम घाबरून धावत यायचा आणि केसरबाई इथे निवांत लसूण सोलत असायच्या. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तो दारातच ओरडला, "बास झालं, आई! घराला कुलूप लाव आणि वाकडला चल."

"चौदाव्या मजल्यावर हाळी कोणाला देऊ? कबुतरांना?"

"तू एकटी पडलीस-बिडलीस तर आम्हाला कळणार कसं?"

ज्या घराच्या विटांवर केसरबाईंनी स्वतः पाणी मारलं होतं, त्या घराच्या भिंतींवरून त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

तोडगा सुनेने काढला. दीक्षा म्हणाली, "आई, आपण इथे इंटरनेट घेऊ. त्याचा जो डबा येतो, त्याला मागे फोन जोडायची जागा असते. तुमचा हाच फोन चालेल."

"ह्यो? ह्यो तर मेलाय!"

"बघू या तरी."

आठवड्यात माणूस आला. त्याने केसासारखी बारीक तार आत घेतली, मिणमिणत्या दिव्यांचा डबा भिंतीवर ठोकला आणि माझी शेपटी त्यात खोचली. नंबरही जुनाच मिळाला. केसरबाईंनी रिसीव्हर कानाला लावला. किती वर्षांनी माझ्या गळ्यातून तो गुर्रर्र सूर निघाला!

"मुडद्या, जित्ता हायस की रं!" त्या म्हणाल्या आणि पदराने मला पुसायला लागल्या. डोळे पुसायचे होते, पण दीक्षा समोर होती ना.

आता मी इंटरनेटवरून बोलतो, मित्रांनो. तुमच्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे होतात, ते त्या तारेतून पळतात आणि पलीकडच्या कानाशी पुन्हा जोडले जातात. खरखर नाही, की मध्येच तिसऱ्याचं बोलणं घुसणं नाही. परगाव, परमुलूख सगळं हाकेच्या अंतरावर. केसरबाई अजूनही लांबचा फोन म्हणून ओरडूनच बोलतात. प्रितम म्हणतो, "आई, हळू! चाकणला तुझा आवाज फोनशिवाय येतोय."

त्या डब्याचा गुण गल्लीलाही लागला. छबूबाईंचा नवनाथ मस्कतला क्रेन चालवतो. पूर्वी त्याचा आवाज तुटक यायचा. आता छबूबाई मोबाइल घेऊन आमच्या उंबऱ्यावर बसतात आणि डब्याच्या वायफायवर पोराचं तोंड बघत बोलतात. केसरबाई मागून डोकावतात. "नवनाथा, वाळलास की रं! आन ती दाढी काढ, वळखू येत न्हाईस."

पण प्रितमची अट होती. "रोज जेवणाच्या सुट्टीत, साडेबाराला फोन करीन. ज्या दिवशी उचलला नाहीस, त्या दिवशी बिऱ्हाड वाकडला."

"कबूल," केसरबाई म्हणाल्या.

दोन महिने मी वाजलो की तिसऱ्या घंटीच्या आत त्यांनी मला उचललं. आणि मग आला गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी कधी कधी दिवसभर लाइट जाते. जुनी तार होती तेव्हा मी अंधारातही बोलायचो. आता डब्याला लाइट नाही, तर मला जीभ नाही. अकराच्या सुमाराला केसरबाईंनी रिसीव्हर उचलला. गुर्रर्र नाही. डब्यावरचे दिवे गेलेले.

माझ्यामुळे या बाईचं घर सुटणार, असं मला वाटलं. मी धातूचा आणि प्लॅस्टिकचा, पण मलाही घाम फुटला.

केसरबाई मात्र पदर खोचून समोर गेल्या. "छबूबाई, मोबाइल द्या. न्हाई, तुमीच दाबा, मी सांगते." त्यांनी प्रितमचा नंबर घडाघडा सांगितला. पण कामावर असताना त्याच्या कंपनीत मोबाइल लॉकरमध्ये. कोणी उचलला नाही. मग त्यांनी गेटच्या केबिनचा नंबर सांगितला, एक आकडा न चुकता.

"जय भीम, प्रितमची आई बोलते. ल्हिवून घ्या. लाइट गेलीय, फोन बंद हाय, मी धडधाकट हाय, पळत येऊ नको. ल्हिवलं? वाचून दाखवा!"

गेटवरच्या रखवालदाराने मुकाट्याने वाचून दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत देतो म्हणाला.

पण प्रितम चिठ्ठी मिळेपर्यंत थांबतोय कशाला! साडेबाराला लॉकर उघडला, अनोळखी नंबरचा मिस्ड कॉल बघितला, कर्जवाल्यांचा असेल म्हणून सोडून दिला. मला लावला, तर नंबर बंद. पठ्ठ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि हेल्मेट चढवून गाडी काढली. रखवालदार चिठ्ठी हलवत मागे पळतोय, याला पत्ता नाही. चाकणच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन तो दारात पोचला, तेव्हा आई छबूबाईंबरोबर शेंगा फोडत बसली होती.

"का रं? निरोप मिळाला न्हाई?"

"कसला निरोप?"

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. रखवालदारच होता. प्रितमने ऐकून घेतलं, "हो... हो दादा..." म्हणाला आणि उंबऱ्यावर टेकला.

"फोन मुका झाला म्हणून माणूस मरतं व्हय रं?" केसरबाईंनी त्याच्या हातात शेंगा ठेवल्या. "घरातला बंद, तर शेजारचा. तुझा बंद, तर गेटचा. आता सांग, कोण पडलंय एकटं?"

प्रितमने शेंगा बाजूला ठेवून मोबाइल पुढे घेतला. म्हणाला, "छबूमावशी, तुमचा नंबर द्या. आधीच घ्यायला पाहिजे होता."

वाकडचं नाव पुन्हा निघालं नाही.

रविवारी दीक्षाने डब्याला छोटी बॅटरी लावली. ती दोनेक तास तग धरते. त्याहून लाइट लांबली तर? तिने छबूबाईंच्या मोबाइलमध्ये काहीतरी घातलं, त्यामुळे मी मुका असलो की माझाच नंबर तिकडे वाजतो. उद्या कदाचित फोन नावाची वस्तूच उरणार नाही, भिंतीला सांगितलं की मस्कत बोलेल. बोलू दे बापडी. मित्रांनो, तुमच्या घरातलं जुनं यंत्र मुकं झालं तर लगेच भंगारात देऊ नका, आधी त्याची शेपटी कुठे खोचता येते ते बघा. दोन-चार नंबर पाठ ठेवा. आणि शेजाऱ्याचा नंबर घ्यायला गुरुवारची वाट बघू नका.

परवा पुन्हा दिवसभर लाइट नव्हती. मी फळीवर गप्प होतो. साडेबारा वाजले आणि समोरून, इतक्या वर्षांची उसनवारी फेडल्यासारखी, हाळी आली, "केसरबाईऽ, तुमच्या चाकणचा फोन हायऽ!"

केसरबाई उठल्या. मला पदराने एकदा पुसलं, आपले हातही पुसले आणि ऐटीत, सावकाश, समोरच्या दाराकडे निघाल्या.