सामानाच्या वहीची कैफियत

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्यावर छापलेले एका कंपनीचे नाव निळ्या शाईने खोडलेले आहे आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात 'सामान' असे लिहिले आहे. मी एक जाड, लांबट नोंदवही. भोसरीत माझी शिवण झाली आणि चाकणच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी आले. वस्तू, नग, वजन, शेरा असे रकाने माझ्या पानापानावर आखलेले. पण माझ्यावर पहिले अक्षर उमटायच्या आतच स्टोअरचे काम कॉम्प्युटरवर गेले आणि मी रद्दीच्या गठ्ठ्यात. तिथून मला नवनाथने उचलले. साहेबांना विचारून उचलले, हे मुद्दाम सांगते. तो तसाच होता.

नवनाथ औशाकडचा, लातूर जिल्ह्यातला. स्टोअरमध्ये काम करायचा आणि थेरगावात खोली घेऊन राहायचा. कंपनीच्या बसमध्ये त्याच्या पुढच्या सीटवर ऑफिसातला दिग्विजय बसे. दिग्विजय, त्याची मैत्रीण विजयश्री आणि चुलतभाऊ रणजीत दर रविवारी दुपारी एक खेळ खेळत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात, आणि नशिबाचा प्रश्न आला की फासे टाकतात. बसमध्ये दिग्विजय त्या खेळाच्या गप्पा मारी, त्या नवनाथ मान पुढे काढून ऐकायचा. एकदा त्यांना चौथा गडी हवा झाला, तेव्हा त्याला बोलावणे आले. त्या रविवारी नवा शर्ट घालून, मला बगलेत मारून तो निगडीला दिग्विजयच्या बंगल्यावर गेला.

त्या खेळात एक नियम होता. आपल्या पात्राने सोबत काय काय घेतले आहे ते लिहायचे, त्याचे वजन मांडायचे. वजन ताकदीबाहेर गेले की पात्राची चाल मंदावते. हे लिहिण्याचा तिघांनाही कंटाळा. नवनाथने मला टेबलावर उघडले आणि गोष्ट सांगणारा दिग्विजय सोडून तिघांची तीन पाने पाडली. तलवार दीड किलो, ढाल तीन, मशाली सहा नग. मित्रांनो, माझा जन्म कशासाठी झाला ते मला त्या दुपारी कळले.

"नवनाथ, तू म्हणजे सोनं आहेस राव!" दिग्विजय म्हणाला. माझे नाव नाही घेतले कुणी, पण पुठ्ठा माझाही ताठ झाला.

नवनाथचे पात्र म्हणजे केरबा नावाचा वाटाड्या. अंगाने धिप्पाड, नव्वद किलो उचलणारा. मग काय, विजयश्रीचे बाणांचे भाते केरबाकडे आले. रणजीतचे चिलखत आले. तंबू, पातेली, देवळात सापडलेली पितळी घंटा, सगळे केरबाकडे. केरबाचे स्वतःचे असे तीनच नग होते: एक दोर, एक चकमक आणि एक पावा. तो पावा वाजवायची पाळी वर्षभरात आली नाही. नवनाथ काही बोलू लागला की रणजीत त्याच्या गावाकडच्या बोलीची नक्कल करी, "कामून, कामून?" आणि सगळे हसत. नवनाथही हसे. माझ्या पानावर त्याची पेन्सिल मात्र तेवढ्यापुरती थांबलेली असे.

एका रविवारी त्याला ओव्हरटाइम लागला. आदल्या दिवशी तो मला बंगल्यावर ठेवून गेला होता, खेळ अडू नये म्हणून. त्या दुपारी मी जे ऐकले ते आजही माझ्या शिवणीत टोचते.

"आयुषला यायचंय आपल्यात," दिग्विजय म्हणाला. "पण पाच जण झाले की गोष्ट रेंगाळते."

"मग नवनाथला सांग ना सरळ," विजयश्री म्हणाली.

"रोज बसमध्ये तोंड दिसतं त्याचं. मी कशाला वाईट होऊ? केरबा मेला की झालं." त्याने मला पुढे ओढले. "आणा तुमचं उरलेलं सामान."

तिघांनी मिळून केरबाचे पान भरले. विजयश्रीने स्वतःच्या हाताने भांड्यांची पेटी लिहिली. बेरीज एकोणनव्वदवर गेली. मी वही. मला ओरडता येत नाही.

पुढच्या रविवारी नवनाथने ते पान पाहिले. परक्या अक्षरातल्या ओळी त्याने खोडून पुन्हा वळणदार लिहिल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात नोंद केली: 'पाठीला घट्ट बांधलेले'. मग खूश होऊन म्हणाला, "मी नव्हतो तरी समदं माझ्याकडंच दिलाव की!"

दिग्विजयने गोष्ट सुरू केली. समोर नदी आली. तिघांचा एकमेकांवर भरवसा, म्हणून बेधडक पाण्यात उतरले, असे त्यानेच सांगून टाकले.

"ज्याच्याकडे तीस किलोच्या वर वजन, तो बुडायला लागलाय," तो म्हणाला. "वाच रे वजनं."

नवनाथने वाचली. विजयश्री बारा. रणजीत अठरा. आणि शेवटी, "केरबा, एकोणनव्वद." त्याला खोटे वाचता आले असते. पान त्याच्याच समोर होते.

"सामान टाकून देतो खाली," तो म्हणाला.

"घट्ट बांधलंय. तूच लिहिलंयस."

"रणजीतभाऊ, दोर टाका की मला."

रणजीतने हसू दाबले. "दोर तुझ्याकडंच आहे भावा."

टेबलावर हसण्याचा स्फोट झाला. नवनाथने तीनदा फासे टाकले. तिन्ही वेळा कमी पडले. केरबा बुडाला.

मग दिग्विजय म्हणाला की सामान वाहत पलीकडच्या काठाला लागले आहे. "वाच, म्हणजे ज्याचं त्याला देता येईल." आणि नवनाथने ते वाचले. एकेक वस्तू वाचायची, ज्याची त्याच्या पानावर लिहायची, केरबाच्या पानावर रेघ मारायची. शेवटी तीन नग उरले. त्यांना कुणी हात लावला नाही.

"नवीन पात्र करू का मी?" त्याने विचारले.

"पुढच्या वेळेपासून आयुष येतोय रे. जागा नाही."

"बरं. वही नेऊ?"

"वही राहू दे. लागेल आम्हाला."

त्याने पेन्सिल माझ्यात ठेवली, मला मिटले आणि सगळ्यांना "येतो" म्हणाला. ते तोवर नदीपलीकडच्या गावात पोचले होते.

आठवड्याने आयुष आला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सामानाचं वजनबिजन मांडता की काय तुम्ही?"

"छे!" दिग्विजय म्हणाला. "आम्ही तो नियम वापरत नाही. नुसती कटकट."

आता मी त्या टेबलावर गरम चहाच्या पातेल्याखाली असते. पुठ्ठ्यावर काळी वर्तुळे पडली आहेत. दिग्विजयच्या आई, केसरबाई, एकदा पातेले उचलताना म्हणाल्या, "त्यो लातूरचा पोरगा येत न्हाई व्हय आता?"

"कंटाळला तो," दिग्विजय म्हणाला.

मित्रांनो, मला पुसा, जपा, नवे कव्हर घाला, असे मी मागत नाही. तुमच्या घोळक्यात एखादा सगळ्यांचे सामान नीट मांडून ठेवणारा असेल. त्याला एकदा विचारा, तुझे स्वतःचे काय आहे. आणि तो सांगू लागला, की मध्ये हसू नका.