बुद्ध कवा येते?

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं तापलेलं आहे. रागानं तर आहेच, पण खरोखरचंही तापलं होतं. तेच तर सांगायला बसलोय.

माझी उमेदीची आठ वर्षं एका शेती प्रशिक्षण केंद्रात गेली. मी बोंडअळीची चित्रं दाखवायची आणि लोकांनी डुलक्या काढायच्या. तरी तिथे मला मान होता. दर शनिवारी एक शिपाई माझी धूळ अडवणारी जाळी काढून ब्रशनं साफ करायचा. मग नवा, चपटा प्रोजेक्टर आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला वर्ध्याजवळच्या सेलूला आणलं ते प्रेमदास थूल यांनी.

प्रेमदासभाऊ निवृत्त ग्रामसेवक. नागपूरच्या एका महोत्सवात त्यांनी जपानी पिक्चर पाहिला आणि माणूस कामातून गेला. भेटेल त्याला धरून सांगायचे, "आपल्या पिक्चरमध्ये पाऊस आला का गाणं येते. त्याइच्या पिक्चरमध्ये पाऊस आला का नुसता पाऊसच येते!" ते लोक कॅमेरा जमिनीलगत ठेवतात, आपण पंगतीत बसतो तसा, याचंही त्यांना भारी कौतुक. आणि माणसं उठून गेली तरी रिकामी खोली दाखवत राहतात, याचं तर विचारूच नका. "माणूस गेल्यावर खोली कशी दिसते, हे कोणी दाखवलं का आपल्याकडं?" असं विचारत ते समोरच्याचा हात सोडायचे नाहीत.

महिन्यातून एका रविवारी दुपारी, गावातल्या बुद्धविहाराच्या सभागृहात खिडक्यांना चादरी लावून आमचा जपान सुरू झाला. पहिल्या दिवशी चाळीस माणसं आली. पांढरे कपडे घालून, हातात फुलं घेऊन! जपान म्हणजे बुद्धाचा देश, तेव्हा पिक्चर बुद्धाचाच असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. भिंतीवर मात्र नवरा-बायको मुकाट्यानं भात खात बसलेले. अर्ध्या तासानं पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, "प्रेमदास, बुद्ध कवा येते?"

खरं सांगायचं सोडून भाऊ घाबरून म्हणाले, "येतेच आता, मावशी."

इथेच माती खाल्ली. लोक उठू नयेत म्हणून ते भिंतीशेजारी उभे राहून बोलू लागले. खालची इंग्रजी ओळ कोणाला वाचता येत नव्हती, तेव्हा अर्थ सांगणं ठीकच. पण हे मनचं सांगायचे! पिक्चरमधला म्हातारा म्हणे, "लोणचं दे," आणि आमचे भाऊ सांगत, "तो म्हणून राह्यला का सगळं अनित्य आहे." अहो, ती ओळ माझ्यातूनच गेली ना? मला काय फसवता? रिकामी खोली आली की तिच्यावरही व्याख्यान. दिसू द्या की हो ती खोली! ज्या शांततेवर हा माणूस भाळला, तीच तो लोकांना मिळू देत नव्हता. चीड येणार नाही तर काय?

या धांदलीत माझ्या जाळीकडे कोण बघतो! सेलूत जिनिंग सुरू झालं की हवेत कापसाचं तूस उडतं. ते सगळं माझ्या नाकात. लाल दिवा लुकलुकवून मी बोंबलत होतो, गुदमरून तापतोय म्हणून. भाऊ म्हणायचे, "काई नाई, असाच लागते तो."

चाळिसाची अकरा माणसं उरली. तेव्हा विहार समितीचे सचिव अश्वजित यांनी सांगून टाकलं, "भाऊ, या रविवारी लोकं अर्ध्यातून उठले, तं आपला जपान बंद. प्रोजेक्टर कपाटात." भाऊंचं तोंड एवढंसं झालं. त्यांना दुसरी हौसच नव्हती.

आणि त्या रविवारी नेमका त्यांचा घसा बसला. शब्द फुटेना! थोडा वेळ हातवारे केले, मग हरल्यासारखे माझ्याजवळ खुर्चीत बसले.

पिक्चरमध्ये छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. बायको वारलेली, तिच्या वहाणा अजून दाराशी. मुलगी येते, सामान आवरते, वहाणा पिशवीत टाकायला उचलते. म्हातारा बोलत नाही, नुसता बघतो. ती वहाणा खाली ठेवून निघून जाते. मग कितीतरी वेळ नुसतं दार दिसत राहतं.

सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. अन्नपूर्णाबाई पुढे सरकून बसल्या. शेवटची पाच मिनिटं उरली होती. म्हातारा दाराशी आला, खाली वाकला, आणि फट्! माझा दिवा गेला.

काय सांगू, मित्रांनो! इतके महिने मी ती बडबड सोसली, आणि लोक पहिल्यांदा खरंच पाहत होते तेव्हा मीच आंधळा झालो.

"मंग? काय केलं त्यानं?" अंधारातून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला. भाऊंनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर पडली.

अश्वजित खिडकीची चादर काढायला उठले. "राहू दे बापा थोडा वेळ," बाई म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "फेकल्या नसतीन त्यानं. पुसून तिथंच ठेवल्या असतीन. माह्या मालकाच्या बी अजून दारातच हायेत. रोज पुसतो मी."

भाऊंनी जोरजोरात मान डोलावली. शेवट अगदी तोच होता. आदल्या दिवशी भाऊंनी लावून पाहिला तेव्हा मी बघितला होता ना!

"पण बुद्ध तं आलाच नाई," मागून कोणीतरी म्हणालं.

"चूप बस," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. कोऱ्या भिंतीकडे बघत अकराही माणसं बसून राहिली. अश्वजितही खाली टेकले.

सगळे गेल्यावर भाऊंनी माझी जाळी काढली. बोटभर जाड कापूस निघाला. रुमालानं पुसली, फुंकर मारली, पुन्हा पुसली, आणि ढसाढसा रडले. आता रडून काय उपयोग? माझ्या जातीचा दिवा हल्ली बनतच नाही, असं वर्ध्याच्या दुकानदारानं सांगितलं.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याचा लाल दिवा लागला की जरा थांबा. स्वतःचं बोलणं बाजूला ठेवा आणि त्याची जाळी बघा.

मी आता विहाराच्या कपाटात असतो. अन्नपूर्णाबाई दर रविवारी येऊन विचारतात, "प्रेमदास, जपान कवा येते?"

"येतेच आता, मावशी," भाऊ म्हणतात.

आणि दर शनिवारी कपाट उघडून माझी जाळी पुसून ठेवतात.