शाईची चिठ्ठी

१९८४ सालची गोष्ट. जंगलाकाठच्या तेना गावातल्या छोट्या कीटकसंग्रहालयात डेल्फिनाने कोळी बुडवून ठेवलेली अल्कोहोलची कुपी उजेडात धरली. आतली चिठ्ठी कोरी होती.

गावातले म्हातारे एलिसेओ, ज्यांना सगळे आदराने डॉन म्हणत, जंगलातून कोळी आणत. त्यांना लिहिता येत नसे. ते जागा सांगत, डेल्फिना चिठ्ठी लिहून कुपीत सोडी. पेन्सिलनेच लिहायचं, असा नियम होता. पण तिला नवं बॉलपेन मिळालं होतं, अक्षर देखणं उमटत होतं. अल्कोहोलने शाई धुऊन नेली होती.

आणि कोळी तरी कोणते! यांच्या कुळातले बहुतेक कोळी एकटेच हिंडतात, झेप घालून शिकार करतात. टॅपिनिलस गटातले हे कोळी मात्र पन्नास-साठ जण एका जाळ्यात नांदत होते, एका पतंगावर मिळून जेवत होते. माहीत असलेल्या कुठल्याच जातीत ते बसेनात. संग्रहालयात कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाई जागा विचारणारच होत्या. डेल्फिनाने नव्या चिठ्ठीवर अंदाजाने, पेन्सिलने लिहिलं : ओयिन नदी.

डॉक्टरीणबाई म्हाताऱ्याला घेऊन ओयिनकाठी तीन दिवस हिंडल्या आणि चिखलाने माखून परत आल्या.

"कुठंय तुमचं जाळं, डॉन एलिसेओ?"

"बाई, मी वाटेतच म्हटलं. ओयिन नव्हे, मिसावाई. वाकलेल्या पेरूच्या झाडावर."

"चिठ्ठीत ओयिन आहे."

म्हातारा डेल्फिनाकडे वळला. "पोरी, काय सांगितलं होतं गं मी?"

तिला नोकरी लागून चारच महिने झाले होते.

"ओयिनच म्हणालात," डेल्फिना म्हणाली.

तो हसला. "मग ओयिनच. कागद कुठं म्हातारा होतो? डोकं माझंच गेलं. उद्या बायकोचं नाव विसरेन. सुटली बिचारी, हाका तरी थांबतील!"

ग्वायुसाच्या पानांच्या चहाचा कप अर्धाच ठेवून त्याने आपलं कोळी धरायचं जाळं भिंतीला टेकवलं. ते पुन्हा उचललं नाही.

डॉक्टरीणबाई पुढे राजधानीत, कीतोला गेल्या, नावारूपाला आल्या. डॉन एलिसेओ सहा वर्षं अंगणात बसून राहिले. वाट चुकेन म्हणत, जंगलात पाऊल टाकेनात. खरं सांगायचं ठरवून डेल्फिना दर रविवारी केळी घेऊन जाई आणि नुसती केळी ठेवून परत येई. मग ते गेले. मिसावाईकाठी रस्ता झाला, पेरूचं झाडही गेलं.

निवृत्तीच्या दिवशी डेल्फिनाने ती कुपी उघडली. ओयिनची जुनी चिठ्ठी तिने काढली नाही. तिच्याशेजारी पेन्सिलने लिहिलेली दुसरी सोडली : 'मिसावाई नदी. सांगणारे एलिसेओ ग्रेफा. चुकीचं लिहिणारी डेल्फिना शिगुआंगो.'

बूच लावून तिने कुपी उजेडात धरली. चिठ्ठी हळूहळू तळाशी गेली. अक्षरं जशीच्या तशी राहिली.