बंद ठेवलेला ठोका

पहिली बाजू, हाऊस संगीत.

दुपारच्या वेळी रेकॉर्डच्या दुकानात आईसाठी खास खुर्ची मांडली होती. ताई आणि तिच्या धाकट्या भावाची नवी रेकॉर्ड आज तिथे वाजणार होती; ताईनेच आईला ओढून आणलं होतं. "अगं, बाबांचं मशीन वाजणार आहे यात. दुसऱ्या बाजूला. चल तर खरं!"

बाबा गेले, पाठोपाठ कारखान्याने त्यांचं खोकी कापायचं मशीन भंगारात काढलं. उरलं ते ताईने फोनवर टिपून ठेवलेलं धप्प, आणि प्रत्येक धप्पमागे बाबांचा दमलेला "हं".

आई पहिली बाजू संपायची वाट बघत होती, दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी.

मध्ये, शांतता.

दुकानदार रेकॉर्ड उलटतोय तोवर एवढं सांगायला हवं. या जोडीत ताई सूर लावायची, धाकटा ठोके. म्हणून तो ठोक्या. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी एका घंटीच्या आवाजावरून दोघांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं होतं. तेव्हा ताईने नियम घातला: एकाने गाण्यातला जो आवाज बंद करून फाइल पाठवली, तो दुसऱ्याने पुसून टाकायचा. का, कशाला, विचारायचं नाही. त्या न विचारण्यावर जोडी टिकली.

दुसरी बाजू, टेक्नो.

ठोके पडू लागले. गुबगुबीत, नेमके, बाजारात तयार मिळतात तसले. ताईने ठोक्याला कपाटाआड खेचलं.

"बाबा कुठेत?"

"तूच बंद करून पाठवलंस की."

"अरे गाढवा, सूर लावताना तो 'हं' ऐकवेना, म्हणून बंद केलं! परत चालू करायचं राहिलं."

"मला वाटलं, तुला नकोय."

"मूळ आवाज आहे ना?"

"पुसला. तुझ्या फोनवर असेल की."

"फोन कधीच बदलला. एका शब्दाने विचारायला काय जीभ झडली होती?"

"नियम तुझाच होता, ताई."

पलीकडून दुकानदार खुशीत ओरडला, "या वेळी मोकळं वाटतंय हां! श्वास घ्यायला जागा आहे."

शेवट.

"हेच का गं बाबांचं?" आईने खुर्चीतून विचारलं.

"हो म्हण," ठोक्या कुजबुजला.

"हो आई. हेच."

आईने मान कलती केली. एक धप्प ऐकलं. त्याच्या मागून काही यायची वाट बघितली. दुसरं धप्प आलं, मग तिसरं.

"हा दमतच नाहीये," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं आहे हे."

तिने पर्स उचलली. "चला, बस जाईल."