रसिकाची तिकोनी टोपी

शुक्रवारी दुपारी डॉक्टर परीक्षितांनी इथं आखातातल्या, रुमैथिया भागातल्या आपल्या घरी हॉस्पिटलमधल्या आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवण निमित्त होतं. दाखवायचे होते फिलाडेल्फियाचे फोटो. मसालेभात खाल्लाय म्हटल्यावर उठून जाताही येत नाही.

मी शामला, नर्स. नवरा शरद, एक्स-रे टेक्निशियन. आमची रसिका फिलाडेल्फियात असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती काय करते, ते मात्र शरदनं खोटं सांगितलेलं. ‘बँकेत आहे, डेटाचं काम.’ खरं म्हणजे इतिहासात एम.ए. केलेली माझी पोरगी जुन्या काळचे कपडे घालून लोकांना शहर दाखवते. शरदच्या भाषेत सोंगं काढते. स्वतः जलीबच्या कामगार वस्तीत एका खोलीत पंगतीनं झोपून वर आलेला माणूस, आणि पोरीच्या घामाची लाज! मी गप्प बसत होते ती घरात रोज भांडण नको म्हणून. पटलं म्हणून नाही.

डॉक्टर गेल्या वर्षीच पुण्याहून आलेले. त्यांनी रसिकाला कधी पाहिलेलं नव्हतं.

“ही लिबर्टी बेल,” डॉक्टर म्हणाले.

“एवढा प्रवास करून तडा गेलेली घंटा बघितली!” त्यांची बायको प्रणिता म्हणाली. सगळे हसले.

मग इंडिपेंडन्स हॉल झाला, लाल विटांची जुनी गल्ली झाली. मग व्हिडिओ लागला. गाईडच्या अंगात निळा कोट, डोळ्यांवर ओढलेली तिकोनी टोपी. पण बोलताना डावा हात कमरेवर. ती माझ्या आईची ढब, रसिकानं उचललेली. मी शरदकडे पाहिलं. त्यानं ताट खाली ठेवलं होतं.

पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं घर जिथं होतं, तिथं ती उभी होती. इंग्रजीत सांगत होती, “स्वातंत्र्याची घंटा त्या तिथं, आणि या घरात गुलाम राबत होते. त्यांची नावं घेतल्याशिवाय मी पुढं नेत नाही.”

कुणीतरी ओरडलं, आम्ही घंटा बघायला आलोय.

“घंटा कुठं पळून जात नाही, साहेब,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी व्हिडिओ थांबवला. “फटकळ होती पोरगी! पण गंमत ऐका. टूर फुकट. शेवटी ती टोपी काढून उलटी धरते, ज्यानं त्यानं मनाला येईल ते टाकायचं. आम्ही म्हटलं, आलोच बाथरूमला जाऊन! आणि जे सटकलो...”

हॉल खदखदून हसला. शरद नुसता गप्प बसला असता, तर त्याची थाप खपून गेली असती. आजवर खपली तशीच.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “ती टोपी माझ्या मुलीची होती.”

“काय सांगताय! ती तर बँकेत ना?”

“कधीच नव्हती. मी थापा मारत होतो. मला तिची लाज वाटायची.” तो उभा राहिला. “आता तुमची वाटते.”

डॉक्टरांनी फोन काढला. “अहो, आधी बोलायचं! आत्ता पैसे पाठवतो तिला, नंबर द्या.”

“ओळखीची निघाली म्हणून?” मी म्हणाले. “परक्याच्या पोरीचे पाय दुखत नाहीत का? ठेवा तो फोन.”

प्रणिता मान खाली घालून ताटं गोळा करू लागली.

“थांबा वहिनी,” शरद म्हणाला. “बसा. अजून संपलं नाहीये.”

त्यानं रिमोट उचलला, व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि आवाज एवढा वाढवला की शेजारच्या फ्लॅटला कळावं. रसिका एकेक नाव घेऊ लागली, सावकाश, पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी.

शरदनं शेजारी बसलेल्या, आमच्याच हॉस्पिटलमधल्या हरीशला कोपरानं ढोसलं.

“बघ, बघ,” तो म्हणाला. “हातात कागद आहे का? सगळं पाठ आहे तिला.”